मदत हवी आहे : टोचन करताना वजनकाट्याचा नियम कोणाला लागू?

मंडळी, चिपळूणजवळ माझी रिकव्हरी क्रेन आहे. परशुराम आणि कशेडी घाटात बंद पडलेल्या गाड्या काढायचं काम. पावसाळ्यात तर फोन खाली ठेवता येत नाही.

गेल्या आठवड्यात चिऱ्याचा भरलेला ट्रक पुढून उचलून आणत होतो. वाटेत काट्यावर अडवलं, म्हणे माझ्या क्रेनचा मागचा एक्सल (चाकांचा आस) ओव्हरलोड. अहो, माल माझा नाही! पण पुढची चाकं उचलली की तो भार माझ्या मागच्या एक्सलवरच येणार, वर माझी पुढची चाकं हलकी होऊन स्टेअरिंग तरंगायला लागतं ते वेगळंच. २०१८ मध्ये केंद्राने चार टायरच्या एक्सलची मर्यादा १०.२ वरून ११.५ टन केली, तरी ती इथे पुरत नाही. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ चा ओव्हरलोडचा दंड २० हजार, वर जादा टनामागे २ हजार. एका टोचनात मिळतं किती?

अमेरिकेत तिथल्या टोइंगवाल्यांना २०१५ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गावर जड रिकव्हरी गाड्यांसाठी वजनमर्यादेतून सूट मिळाली. आपल्याकडे तसं काही मागायचं तर अर्ज कुठे करायचा, परिवहन आयुक्तांकडे की थेट दिल्लीला? कोणी असं चलन कोर्टात लढवलंय का? घाटात माल उतरवून घ्या असं कृपया सांगू नका, धो धो पावसात चिरे कोण उतरवणार?

रत्नागिरी-सिंधुदुर्गातले क्रेनवाले असाल तर खाली लिहा, अर्ज एकत्रच करू.