गाळात रुतलेल्या गाय-म्हशीला पट्टा नेमका कुठे घालायचा?

पाणवठा: तळं आटायला लागलं की काठच्या गाळात गुरं रुततात. लोक शिंगांना नाहीतर गळ्याला दोर बांधून ट्रॅक्टरने ओढतात आणि जनावर जायबंदी होतं. पट्टा कुठे घालायचा, किती रुंद असावा आणि ओढायचं कोणत्या बाजूने? ट्रॅक्टर लावणं योग्य आहे का?

रानवाट: शिंगं, मान, शेपूट, पाय यांपैकी कशालाही ओढीचा दोर नको. वेसणीला तर हातही लावू नका, नाकपुडी फाटते. म्होरकी फक्त डोकं पाण्याबाहेर धरून ठेवण्यापुरती. ओढ छातीवर यायला हवी: पट्टा पुढच्या पायांच्या लगेच मागे, बरगड्यांवरून. रुंदी किमान १० सेंमी, कारण बारीक दोर कातडीत रुततो. आडवं सरकवायचं असेल तर दुसरा पट्टा मागच्या पायांच्या पुढे घाला, मात्र कासेवर येऊ देऊ नका.

पण ओढण्याआधी गाळाची पकड सोडवायला हवी, आणि घाईत नेमकं हेच राहून जातं. खुराखाली पोकळी होते, तिथे हवा किंवा पाणी शिरत नाही तोवर गाळ पाय सोडत नाही. अशा वेळी यंत्राचा जोर लावला की गाळाआधी सांधा निखळतो. साधारण एक इंच जाडीचा लांब पाइप पंपाला जोडा, पायाच्या कडेने खुरापर्यंत खाली घाला आणि पाणी सोडा. चारही पायांशी हे करा. पाय हलायला लागला की ओढ द्या.

ओढायची दिशा शक्यतो जनावर आलं त्याच वाटेची, कारण टणक जमीन बहुधा तिकडेच जवळ असते. सहा-आठ माणसांची एकसारखी, जमिनीलगतची ओढ पुरते. यंत्र लागलंच तर ट्रॅक्टरच्या हिसक्यापेक्षा हळू फिरणारी विंच (दोर गुंडाळत ओढणारं यंत्र) बरी. थांबायचा इशारा एकाच माणसाने द्यायचा, तोही जनावराच्या डोळ्यांकडे आणि श्वासाकडे लक्ष ठेवून.

काठी: माणसांच्या सुरक्षेबद्दलही लिहायला हवं. गाळात थेट उतरू नका, प्लायवुड किंवा रुंद फळ्या टाकून त्यांवरून काम करा. पायांच्या बाजूला कुणी नको, पाठीच्या बाजूने राहा. दोर हाताला गुंडाळू नका, कमरेला बांधू नका. ताणलेल्या दोराच्या रेषेत उभं राहू नका. सुटलेलं जनावर घाबरून उधळतं, म्हणून त्याची बाहेर जायची वाट आधीच मोकळी ठेवा.

पाणवठा: पोट गाळात टेकलेलं असेल तर पट्टा खालून पलीकडे न्यायचा कसा? आणि गुंगीचं इंजेक्शन आधीच द्यावं का?

रानवाट: पाइप अर्धगोल वाकवा, टोकाला पातळ दोरी बांधा. पाणी सुरू ठेवून पुढच्या पायाच्या कोपराच्या मागून छातीखाली सरकवा. टोक पलीकडे निघालं की दोरी धरा आणि तिला पट्टा बांधून ओढून घ्या. हाताने उकरत बसण्यापेक्षा हे खूप लवकर होतं.

खुरटाचणी: गुंगीचं औषध पशुवैद्यानेच द्यायचं. झायलाझिन या गुंगीच्या औषधाला गाईगुरं फार संवेदनशील असतात, घोड्याच्या साधारण एक दशांश मात्रा त्यांना पुरते. मान टाकली तर नाक पाण्यात जातं आणि रवंथ करणाऱ्या जनावरांत पोटफुगीचाही धोका असतो. म्हणून डोकं धरून ठेवणारा माणूस आधी, सुई नंतर.

बाहेर काढल्यावर कुशीवर पडू देऊ नका. ढेकर अडतो, पोट फुगतं. छातीवर बसवा, दोन्ही बाजूंना भुसा भरलेली पोती लावा. नाक-तोंड पुसा, अंग कोरडं चोळा, पांघरूण घाला. बाटलीने पाणी किंवा गूळपाणी पाजू नका. थकलेलं जनावर धड गिळत नाही, ते फुफ्फुसात जातं. बादलीत कोमट पाणी पुढे ठेवा, आपल्या मनाने प्यायलं तर ठीक.

उठत नसेल तर दर दोन-तीन तासांनी बूड एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर टाका, नाहीतर स्वतःच्याच वजनाखाली मांडीचे स्नायू चेचले जातात. लघवी तांबडी-काळपट झाली तर हेच घडतंय असं समजा आणि लगेच डॉक्टरांना बोलवा. दुभती असेल तर कासही त्याच दिवशी धुऊन तपासा, गाळामुळे दगडी (कासेचा दाह) होते.