यशवंतरावांचे शिक्षण: थोडी भर

यशवंतराव चव्हाणांचे बालपण म्हणजे गरिबीवर केलेली मात, असा सूर त्यांच्याविषयीच्या चर्चेत अनेकदा असतो. तो खोटा नाही, पण त्यात त्यांच्या शिक्षणाचा सर्वांत महत्त्वाचा टप्पा झाकला जातो.

12 मार्च 1913 रोजी देवराष्ट्रे या आजोळी जन्मलेल्या यशवंतरावांचे वडील लवकर वारले; आई विठाबाई आणि थोरल्या भावांच्या आधारावर ते कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकले. 1932 च्या जानेवारीत, मॅट्रिक होण्याआधीच, स्वातंत्र्याच्या आंदोलनात तिरंगा झेंडा फडकावल्याबद्दल त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली आणि येरवडा व विसापूर येथील तुरुंगांत त्यांना आचार्य भागवतांसारख्या अभ्यासू कार्यकर्त्यांचा सहवास लाभला. खरे विद्यापीठ हेच, असे मला वाटते. शाळेत शिकवले गेले नसते असे वाचन, वादविवाद आणि निरनिराळ्या विचारसरणींची ओळख त्यांना तेथे झाली. सुटकेनंतर 1934 मध्ये मॅट्रिक, 1938 मध्ये कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातून इतिहास व राज्यशास्त्र घेऊन बी. ए. आणि 1941 मध्ये पुण्याहून कायद्याची पदवी, हा क्रम पाहिला तर उशीर दिसतो (आणि तो उशीर आंदोलनाने लादलेला होता, बुद्धीने नव्हे).

पुढे मुख्यमंत्री म्हणून त्यांनी आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांतील मुलांना दिलेली फीमाफी केवळ दयेपोटी होती, असे मानणे मला म्हणूनच अपुरे वाटते. शिक्षण मध्येच तुटण्याची भीती चव्हाण कुटुंबाने स्वतः अनुभवली होती.