साच्याची मापं पार्टच्या फाईलमध्ये घुसवू नका

उद्यमबागकर : गेल्या आठवड्यात आमच्या टूलरूममध्ये खडाजंगी झाली. एबीएस प्लॅस्टिकचं कव्हर, ड्रॉइंगवर लांबी १२० मिमी. प्लॅस्टिक थंड होताना आकसतं, ते अर्धा टक्का श्रिंकेज धरून कॅव्हिटी, म्हणजे साच्यातली पोकळी, १२०.६. डिझाईनच्या पोरानं पार्टच्याच फाईलला स्केल मारून, म्हणजे मॉडेल तेवढं मोठं करून, सेव्ह केलं. क्यूसीनं (तपासणीवाल्यांनी) तेच मॉडेल उघडलं आणि १२०.०२ आलेले चांगले पीस 'आखूड' म्हणून दोन क्रेट बाजूला ठेवले! माझं म्हणणं सरळ आहे. पार्टचं मॉडेल ग्राहकाचं. श्रिंकेज, कॅव्हिटी, भोकं पाडणाऱ्या पिनांची मापं सगळं लिंक केलेल्या वेगळ्या फाईलमध्ये.

मच्छेचा डिझायनर : दादा, चूक पोराची, शिक्षा पद्धतीला? ग्राहक नवी स्टेप फाईल (थ्रीडी मॉडेलची) पाठवतो, लिंक तुटते, मग पार्ट रिव्हिजन सी आणि साचा अजून बी वरच. हे मी दोनदा भोगलंय. एकच फाईल, दोन कॉन्फिगरेशन (एकाच मॉडेलची दोन रूपं), पार्टवाल्यात स्केल सप्रेस, म्हणजे बंद. झालं की.

उद्यमबागकर : आम्ही तिथंच फसलो. सॉलिडवर्क्स सॉफ्टवेअरचं स्केल फक्त बॉडी, म्हणजे घन आकार, वाढवतं, स्केचची मापं तशीच राहतात. म्हणजे मॉडेलमधून ओढलेलं माप १२० दाखवतं आणि शीटवर नव्यानं टाकलेलं १२०.६. ऑपरेटरनं कुठल्यावर विश्वास ठेवायचा?

पॅटर्नवाले काका : बाळांनो, मी बिडाच्या ओतकामाचे पॅटर्न (नमुने) करत म्हातारा झालो. आमच्याकडं कॉन्ट्रॅक्शनची, म्हणजे धातूचं आकसणं धरून वाढवलेली, पट्टी असायची. तिच्यावर १०० लिहिलेलं, खरी लांबी १०१. स्टीलच्या ओतकामाला पट्टी वेगळी, तिला दोन टक्के. ड्रॉइंगला पेन्सिल लावायची कुणाची टाप नव्हती, वाढ सगळी पट्टीत. तुमची वेगळी फाईल म्हणजे तीच पट्टी. पण एकच टक्का सगळीकडं चालतो हेही खोटं हं. मधे कोअर (पोकळी ठेवणारा गाभा) अडवून बसला की तिथं धातू कमी आकसतो.

मच्छेचा डिझायनर : काका, पट्टीला रिव्हिजन नंबर नव्हता!

खानापूर रोड टूलरूम : काकांचा शेवटचा मुद्दा कुणी धरत नाही. ग्लास फायबर भरलेलं नायलॉन प्रवाहाच्या दिशेला कमी आकसतं, आडवं जास्त. एका आकड्यानं स्केल मारून काय होणार? त्यात आम्ही भोकाची पिन मुद्दाम जाडीकडं ठेवतो, ट्रायलनंतर घासता येते. बारीक झालेली पिन पुन्हा जाड कशी करणार? ही मापं ग्राहकाच्या मॉडेलमध्ये शोभतात का?

मच्छेचा डिझायनर : ग्लास नायलॉनला मान्य. पण एबीएसच्या साध्या झाकणाला मी दोन फाईल करणार नाही.

उद्यमबागकर : नको करू. फक्त फाईलच्या नावात 'कॅव्हिटी' लिही. आणि क्यूसीच्या फोल्डरचं तुझं लॉगिन मी आज काढायला सांगतो.