जुना कॉर्नी केग घ्यावा का?

प्रश्न: नागपुरात घरच्या बिअरसाठी स्वस्तात केगिंग (बाटल्यांऐवजी स्टीलच्या पिंपात, म्हणजे केगमध्ये, दाबाखाली बिअर भरणं) सुरू करायचंय. १९ लिटरचा जुना, पूर्वी सरबतासाठी वापरलेला बॉल-लॉक (खटक्याने बसणाऱ्या जोडणीचा) कॉर्नी केग मिळतोय. काय तपासू?

उत्तर १: बिनधास्त घ्या, स्टील सहसा खराब होत नाही, रबर होतं. सगळ्या ओ-रिंग (गळती रोखणाऱ्या रबरी कड्या) बदलाच, नाहीतर जुन्या सरबताचा वास बिअरमध्ये उतरतो. झाकण कमी दाबावर नीट बसत नाही, म्हणून आधी ३० पीएसआय (दाबाचं एकक) गॅस द्या आणि साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. खाचा असलेला पोस्ट (केगवरचं जोडणीचं टोक) गॅसचा, त्यावर राखाडी कनेक्टर, काळा बिअरचा.

उत्तर २: काटकसर केगवर करा, रेग्युलेटरवर (सिलिंडरमधल्या गॅसचा दाब नियंत्रित करणारा भाग) नको. सीओटू (कार्बन डायऑक्साइड) फूड-ग्रेडच, म्हणजे खाण्यापिण्यासाठी चालणारा, भरा. आणि आपल्याकडचा मे महिना लक्षात ठेवा! भरलेला सिलिंडर बंद गाडीत किंवा गच्चीवर अजिबात नको. ३१ अंशांवर आतला द्रव उरतच नाही, दाब झपाट्याने चढतो. सिलिंडर उभा, सावलीत, बांधून ठेवा.

उत्तर ३: बिअरमध्ये गॅस मुरवायला ४ अंशांना १२ पीएसआय, आठवडाभर. ओतताना नुसता फेस आला तर बिअरची नळी आखूड किंवा गरम आहे. ३/१६ इंची नळी ३ मीटर घ्या, वेटोळं करून फ्रिजमध्येच ठेवा.