फंक्शनल मूव्हमेंट डिसऑर्डर आणि झोप: ठाणे-नवी मुंबईत कोणाला दाखवावं?

नमस्कार मंडळी,

आम्ही ऐरोलीला राहतो. माझ्या धाकट्या बहिणीला न्यूरॉलॉजिस्टनी फंक्शनल मूव्हमेंट डिसऑर्डर, म्हणजे हालचालींवरचा ताबा बिघडण्याचा आजार, असल्याचं सांगितलंय. उजवा हात थरथरतो, चालताना उजवा पाय ओढतो. एमआरआय नॉर्मल आहे, पण निदान तेवढ्यावर झालेलं नाही. डाव्या हाताने ठरावीक ठेका धरायला लावला, तर उजव्या हाताची थरथरही त्याच ठेक्यावर आली. झोपवून उजवी टाच खाली दाबायला सांगितली तर जमेना, पण डावा पाय जोर लावून उचलल्यावर तीच टाच आपोआप दाबली गेली. ही हूव्हरची खूण 1908 पासून माहीत आहे म्हणे. मेंदूला इजा नाही, हालचालींवरचा ताबा बिघडलाय, हे आम्हाला तेव्हा पटलं.

गाढ झोपेत थरथर थांबते. त्यावरून नातेवाईक म्हणतात, "झोपेत होत नाही, म्हणजे जागेपणी मुद्दाम करते." हे ऐकून ती फार खचते. पार्किन्सनची थरथरसुद्धा बहुतेकदा झोपेत थांबते, त्याला कोणी नाटक म्हणत नाही. कृपया इथे तरी तसं लिहू नका.

खरा त्रास झोप लागताना होतो. डोळा लागतोय तोच पोटातून झटका येऊन ती जागी होते, असं पहाटेपर्यंत चालतं. झोप झाली नाही की दुसऱ्या दिवशी पाय जास्त ओढतो, मग ती दुपारी झोपते आणि रात्र पुन्हा तशीच जाते. क्लोनाझेपामने दिवसभर गुंगी राहिली, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी हळूहळू कमी करतोय. पायात वळवळही होते. लोह कमी असेल तर तसं होऊ शकतं, म्हणून फेरिटिनची (शरीरातल्या लोहसाठ्याची) तपासणी सांगितली आहे.

झटक्यांच्या वेळी ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींची नोंद) आणि स्नायूंची नोंद एकत्र घेणारी स्लीप स्टडी इकडे कुठे होते का, की परळला केईएमलाच जावं? निद्रानाशासाठीची सीबीटी (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी, बोलण्यातून दिली जाणारी थेरपी) मराठीतून कोणी देतं का? आणि हा आजार माहीत असलेला फिजिओथेरपिस्ट हवाय. आधीच्यांनी नुसते ताकदीचे व्यायाम दिले, पायाकडेच लक्ष ठेवायला लावलं, त्याने ओढणं वाढलं. उलटं चालताना मात्र तिचा पाय ओढत नाही! हे धरून पुढे नेणारं कोणी हवं.

ठाणे, वाशी, नेरूळ कुठेही चालेल. सकाळच्या ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत तिला चढता येत नाही, त्यामुळे दुपारची वेळ देणारे असतील तर आधी सांगा.