रिळावर ब्लीच ओतलं की झाला सिनेमा?

निगेटिव्ह_नाना:
फिल्म मातीत पुरायची, ब्लीचमध्ये बुडवायची आणि जे उमटेल ते प्रायोगिक सिनेमा म्हणून खपवायचं! यात दिग्दर्शकाने ठरवलं काय? लेन लाय यांनी १९३५ साली ‘अ कलर बॉक्स’ कॅमेऱ्याविना, थेट फिल्मवर रंगवून केला. तो मान्य, तिथे हात दिसतो. इथे श्रेयनामावलीत बुरशीचं नाव टाका की.

चिकटपट्टी:
नाना, कधी सुई घेऊन बसलात का? रंगीत प्रिंटच्या काळ्या भागात वरवर ओरखडा काढला तर रेघ हिरवी येते. जरा दाबलं की पिवळी, आणखी दाबलं की थेट पांढरा उजेड. किरमिजी, निळा-हिरवा आणि पिवळा असे रंगांचे थर एकावर एक असतात, त्यातला एकेक खरवडला जातो. रिव्हर्सल फिल्मवर (जिच्यावर निगेटिव्हशिवाय थेट सुलट चित्र उमटतं) क्रम वेगळा, तिथे रेघ आधी निळी. ब्लीचचंही तसंच. ते किती पातळ केलं, फिल्म कधी धुऊन काढली, यावर जिलेटिन, म्हणजे चित्र धरून ठेवणारा लेप, नुसतं सुटं होणार की चित्रासकट वाहून जाणार ते ठरतं. सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे चुकायलाही भरपूर वाव. बाजूला बसायला वेळ कुणाला आहे?

निगेटिव्ह_नाना:
सुईचं पटलं. पुरण्याचं काय?

चिकटपट्टी:
कुठे पुरायची, हेच दिग्दर्शन. तोमोनारी निशिकावा यांनी २०१४ मध्ये जपानमधल्या फुकुशिमाच्या अपघातग्रस्त अणुभट्टीपासून सुमारे २५ किलोमीटरवर ३५ मिमीची १०० फूट निगेटिव्ह पालापाचोळ्याखाली एक रात्र पुरली. पडद्यावर दिसतं ते त्या जागेने फिल्मवर केलेलं काम.

प्रत_जपणारी:
मध्येच बोलते. तुमच्या भांडणात रिळाची कुणालाच पडलेली नाही. बिल मॉरिसन यांच्या ‘डेकेशिया’त (२००२) नायट्रेट फिल्म (जुन्या काळची, सहज कुजणारी) आधीच कुजलेली होती, त्यांनी ती कुजवली नाही. हा फरक मला फार मोठा वाटतो. ज्याची दुसरी प्रत नाही असं कुणाचं जुनं रीळ ब्लीचमध्ये घालणं ही निव्वळ नासाडी आहे, मग पडद्यावर कितीही देखणं दिसो. नवी कोरी फिल्म घ्या, नाहीतर आधी प्रत काढा.

चिकटपट्टी:
शंभर टक्के. तशीही मूळ पट्टी प्रोजेक्टरमधून क्वचितच चालवतात, सुटलेलं इमल्शन, म्हणजे चित्राचा लेप, गेटमध्ये (फिल्म दिव्यासमोरून सरकते त्या खाचेत) अडकतं. अमेरिकन दिग्दर्शक स्टॅन ब्रॅकेज यांनी ‘मॉथलाइट’साठी (१९६३) पतंगांचे पंख, पाकळ्या, गवत चिकटपट्ट्यांमध्ये दाबलं, पण दाखवायला त्याची प्रिंटच काढली.

निगेटिव्ह_नाना:
पंख पडद्यावर पंख म्हणून ओळखू येतात, तिथे माझं भांडण नाही. पण फुकुशिमाची माहिती आधी कानावर पडली नसती, तर त्या फिल्मवर तुम्हाला फुकुशिमा दिसलं असतं का? परसात पुरलेली तेवढीच फिल्म लगोलग दाखवा. न सांगता कोणती कुठली ते ओळखता आलं, तर शब्द मागे घेतो.