दुधाची पावडर रोजच्या वापरात

पावडरच्या दुधाचा चहा पांचट होतो आणि त्याचं दही लागत नाही, अशी तक्रार बरेच जण करतात. चहाचा दोष बहुतेक वेळा प्रमाणाचा असतो. होल मिल्क पावडर, म्हणजे साय न काढलेल्या दुधाची पावडर, लिटरमागे साधारण १२५ ते १३० ग्रॅम लागते. लोक अंदाजाने दोन-चार चमचे टाकतात आणि पावडरीला नावं ठेवतात. पाकिटावर 'डेअरी व्हाइटनर' लिहिलंय का, तेही बघा. त्यात बहुधा साखर असते, त्याचं दही लावायच्या फंदात पडू नये.

इथे मस्कतला आमच्या ओट्यावर निडो या ब्रँडच्या होल मिल्क पावडरचा डबा कायम असतो. आधी थोड्या कोमट पाण्यात दाटसर पेस्ट करायची, मग उरलेलं पाणी घालायचं. उकळत्या पाण्यात थेट टाकली की गुठळ्या झाल्याच म्हणून समजा. रात्री कालवून फ्रिजमध्ये ठेवलं तर सकाळी पावडरीचा वासही फारसा जाणवत नाही.

दही तर उलट छान लागतं. दोन चमचे पावडर जास्त घाला, कोमट असताना विरजण लावा. अगदी कवडी दही. पनीर मात्र मऊ, भुसभुशीत होतं, आणि साय जवळपास धरतच नाही, तेव्हा घरच्या तुपाचा नाद सोडा.

होल मिल्क पावडरीत फॅट किमान २६ टक्के असतं, त्यामुळे उघडा डबा पडून राहिला की खवट होतो. चमचा कोरडा हवा, झाकण घट्ट. आणि स्वस्त पडतो म्हणून दोघांच्या घरात अडीच किलोचा डबा आणू नका.